पाणमंजिरीचं मूळ

बारक्याने पोकलेन थांबवलं ते सकाळी साडेआठला, आणि बहिणीला फोन केला तो पावणेनऊला. मधली पंधरा मिनिटं तो शिव्या खात होता.

बारक्या हे नाव त्याला पाळण्यातच चिकटलं होतं. आता तो पन्नाशीला टेकला होता, वजनाने नव्वदी ओलांडली होती, पण पाच भावंडांत जो शेवटी येतो तो जन्मभर बारक्याच राहतो, त्याला इलाज नाही. शहराच्या टोकाला असलेल्या दलदलीत भराव टाकून तिथे गोदामं उभी राहायची होती. त्या कामावर तो यंत्र चालवत होता.

"ताई, एक रोप दिसलंय," तो फोनवर म्हणाला.

"रोपं सगळीकडे दिसतात. कामाच्या वेळी फोन कशाला?"

"देठ चौकोनी आहे. बोटांत फिरवून बघितला. पानं समोरासमोर. पानांच्या बगलेत पांढऱ्या फुलांचे झुपके, अगदी बारीक. आणि चुरगळलं तर वास काहीच नाही."

ताई तेव्हा कपाटातल्या डांबरगोळ्या बदलत होती. हातातली गोळी हातातच राहिली.

"किती आहेत?"

"थोडीच. बकेट खाली टेकवून ठेवलंय, पण इंजिनियर माझ्या डोक्यावर बसलाय. तू ये लवकर."

ताई एका कॉलेजच्या तळमजल्यावर वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय सांभाळायची. बारा लोखंडी कपाटं, आणि त्यांत जाड कागदांवर चिकटवलेली हजारो रोपं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, तारीख आणि ओळख पटवणाऱ्याची सही. गेल्या तीस वर्षांतल्या बहुतेक सह्या तिच्याच होत्या. गळ्यात सदा दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून मुलं तिला मागून भिंगबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वरकरणी मात्र ती कपाळाला आठी घालायची, कारण तशी आठी घातली नाही तर मुलं शेफारतात असं तिचं ठाम मत होतं.

भावाला वनस्पतींचं वेड नव्हतं. पण लहानपणी तिच्या मागे मागे पिशवी धरून हिंडण्याचं काम त्याच्याकडे असे, आणि तेव्हा डोक्यात गेलेलं सगळंच काही निघून जात नाही. त्याने फोनवर जे वर्णन केलं ते पाणमंजिरीचं होतं. तुळस-पुदिन्याच्या कुळातली, इथल्याच पाणथळीत वाढणारी, आणि चाळीस वर्षांत कोणाला न दिसलेली. ती संरक्षित यादीत होती. ती जिथे सापडेल ती पाणथळ बुजवता येत नाही, असा सरळ कायदा होता.

घोडं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. पाणमंजिरीची एक परदेशी बहीण होती. बागांमधून सुटून ओढ्यानाल्यांत पसरलेली, दिसायला डिट्टो तशीच. ती सापडली तर कायदा काही म्हणत नाही, उलट उपटून टाका म्हणतो.

ताई रिक्षात बसली ती काही आनंदाने नव्हे. बारा वर्षांपूर्वी याच दलदलीची पाहणी तिने केली होती. तेव्हा दलदल आतापेक्षा दुप्पट होती. तिथे तिला हेच चौकोनी देठ, हेच पांढरे झुपके दिसले होते, आणि अहवालात तिने लिहिलं होतं, परदेशी. त्या अहवालावर दलदलीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग बुजला आणि तिथे बसडेपो झाला. ती स्वतः दर आठवड्याला त्या डेपोतून बस पकडायची.

जागेवर तिघं जण उभे होते. बारक्या, कंपनीचा इंजिनियर आणि पर्यावरण कार्यालयातल्या अधिकारीबाई. अधिकारीबाई वयाने ताईच्या निम्म्या असतील, हातात फळीला लावलेले कागद, पायात नवेकोरे गमबूट. बारक्याने ताईच्या आधी त्यांच्या कार्यालयातही फोन केला होता. म्हणजे त्याने आपल्या पायावर धोंडा एकदा नाही, दोनदा मारून घेतला होता.

"अकरापर्यंत मी आहे," अधिकारीबाई म्हणाल्या. "त्यानंतर दुसरीकडे सुनावणी आहे. तोपर्यंत खात्रीने सांगितलंत तर काम थांबवण्याचा आदेश इथेच लिहिते. नुसत्या संशयावर मला काम थांबवता येणार नाही."

सव्वानऊ झाले होते.

"आणि संशय खोटा निघाला तर या गृहस्थांना उद्यापासून यायची गरज नाही," इंजिनियर बारक्याकडे न बघता म्हणाला. त्याने वाकून एका रोपाचं पान खुडलं आणि नाकाशी नेलं. "पुदिन्यासारखं दिसतंय म्हणे. याला तर वास पण नाही."

"या कुळातल्या सगळ्यांनाच वास असतो असं नाही," ताई म्हणाली. "आणि आता कृपा करून दुसरं पान खुडू नका."

ती चिखलात गुडघे टेकून बसली. बकेटच्या दातांपासून रोपं हातभर अंतरावर होती, लव्हाळ्याच्या गर्दीत लपलेली. बारक्याला ती दिसली कशी याचं तिला नवल वाटलं. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि एक फूल सुईने उघडलं. आत दोन पुंकेसर. पुदिना असता तर चार असते, म्हणजे पुदिना नव्हता, हे एक झालं. पण दोन पुंकेसर परदेशी बहिणीलाही असतात.

फरक असतो तो फुलाखालच्या हिरव्या वाटीत. त्या वाटीला पाच दात असतात. देशी पाणमंजिरीचे बोथट, परदेशीचे सुईसारखे टोकदार. पुस्तकात हे वाचायला फार सोपं आहे. तिच्या भिंगाखाली जे दात होते ते ना धड बोथट होते, ना धड टोकदार. तिने दुसरं फूल बघितलं, मग तिसरं. एकात बोथट वाटले, पुढच्यात टोकदार. फुलं कोवळी होती, वाटी अजून पुरती वाढलेली नव्हती. अजून आठ-दहा दिवस मिळाले असते तर ते दात आपणहून बोलले असते.

"दहा दिवसांनी सांगितलं तर?" तिने विचारलं.

इंजिनियर हसला. अधिकारीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी घड्याळ बघितलं.

मग ताईला सरांची वही आठवली. सर म्हणजे ज्यांच्याकडून तिने ते संग्रहालय घेतलं ते, जाऊन आता वीस वर्षं झाली असतील. त्यांच्या वहीत पाणमंजिरीबद्दल दोनच ओळी होत्या. मुळाशी पांढरे धागे फुटतात आणि धाग्यांच्या टोकाला गाठी धरतात, करंगळीच्या नखाएवढ्या. परदेशी जातीला धागे असतात, गाठी नसतात. बास. ही खूण कोवळ्या फुलांवर अवलंबून नव्हती. ही खूण पक्की होती, आणि ती ताईने आयुष्यात एकदाही पाहिली नव्हती.

न पाहण्याचं कारण ती स्वतःच होती. संग्रहालय हातात आल्यावर तिने पहिला नियम केला तो मुळाचा. पाणथळीतलं रोप मुळासकट उपटायचं नाही. कात्रीने चिखलाच्या चार बोटं वर कापायचं, म्हणजे मूळ जिवंत राहतं आणि रोप पुन्हा फुटतं. तिच्या आधीचे लोक टोपल्या भरभरून उपटून आणायचे, आणि त्यांच्या हौसेपायी काही जाती या भागातून नाहीशा झाल्या असं तिला वाटायचं. नियम दयेचा होता. तीस तुकड्या तो नियम शिकून बाहेर पडल्या. त्यामुळे तिच्या काळात कपाटात आलेले अशा रोपांचे कागद, सगळे परदेशी म्हणून नोंदलेले, चिखलाच्या वरचेच होते. सरांच्या काळचा पाणमंजिरीचा एक कागद मुळासकट होता म्हणतात, पण त्याचा खालचा भाग किड्यांनी कधीच फस्त केला होता. बारा वर्षांपूर्वी तिने ओळख पटवली ती अशाच कापलेल्या फांद्यांवरून, वाटीचे दात बघून. ते दात तेव्हा कोवळे होते की पिकलेले, हे आता तिला आठवेना.

तिने बाही वर केली आणि एका रोपाच्या बुडाशी चिखलात बोटं घातली. धागे लागले. धाग्याच्या अंगाने बोटं पुढे नेली तर एक गाठ लागली. पण लगेच शेजारी दुसरी गाठ लागली, मग तिसरी. चिखल गाठींनी भरलेला होता. लव्हाळ्यालाही गाठी येतात आणि इथे लव्हाळा माजला होता. बोटांना कोणाची गाठ कोणाची ते कळत नाही.

"काय झालं?" बारक्याने विचारलं. तो तिच्या मागे येऊन उकिडवा बसला होता.

"उपटावं लागेल," ती हळू म्हणाली. "एक रोप. मुळासकट, धागे न तुटता."

"मग उपट की."

"बारक्या, ही शेवटची असतील तर?"

"आणि नाही उपटलंस तर?" त्याने पोकलेनकडे मान वळवली. "मी नाही चालवलं तर दुसरा कोणी चालवेल. दहा मिनिटांचं काम आहे हे. मी रोज करतो."

दहा वाजून गेले होते. ताई तशीच बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढावं ते कळत नव्हतं. तीस वर्षं तिने मुलांना ज्या गोष्टीवरून फैलावर घेतलं होतं, ती आता तिघांसमोर तिलाच करायची होती. रोप परदेशी निघालं तर भावाची नोकरी जाणार. देशी निघालं तर तिने शेवटच्या काही रोपांतलं एक मारलं असं होणार. आणि त्यापलीकडेही काहीतरी होतं, ज्याच्याकडे ती अजून बघतच नव्हती.

तिने सगळ्यात बारकं, कडेचं रोप निवडलं. मग वाटलं की एवढ्याशा रोपाला गाठी धरल्या नसतील तर सगळं फुकट, म्हणून ते सोडलं आणि मधलं, चांगलं हातभर वाढलेलं घेतलं. त्याच्या भोवतीचा चिखल तिने बोटांनी सैल केला. लव्हाळ्याची मुळं एकेक करून बाजूला सारली. बारक्याने न सांगता बाटलीतलं पाणी बारीक धारेने ओतायला सुरुवात केली, चिखल विरघळत गेला. इंजिनियर दोनदा खाकरला. अर्धा तास त्या दोघांची डोकी एकमेकांना लागून खाली वाकलेली होती, आणि मग रोप आपल्या वजनाने तिच्या हातात आलं.

तिने ते उचलून धरलं. बारक्याने उरलेलं पाणी मुळांवर ओतलं. पांढरे धागे खाली लोंबत होते. दोन धागे रिकामे होते. तिसऱ्याच्या टोकाला गाठ होती, चौथ्याच्याही.

"ही लव्हाळ्याची," इंजिनियर म्हणाला. "चिखलात पाहिजे तेवढ्या आहेत, तुम्ही स्वतःच चाचपत होतात."

"लव्हाळ्याची काळपट असते आणि वरून केसाळ. ही पांढरी आहे. आणि हा धागा बघा." तिने भिंग गळ्यातून काढून अधिकारीबाईंच्या हातात दिलं. "गाठीपासून सुरुवात करा आणि वर वर या. कुठे तुटलाय का, कुठे दुसरं काही गुंतलंय का, ते तुम्हीच बघा."

अधिकारीबाईंनी बघितलं. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. त्यांच्या नव्या बुटांवर चिखल टपकत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "देठालाच जोडलेला आहे," त्या म्हणाल्या.

"मग ही देशी पाणमंजिरी आहे. मी सही करते."

बारक्याने एवढा मोठा श्वास सोडला की तो सगळ्यांना ऐकू गेला. पण इंजिनियर काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो गाडीकडे गेला आणि एक जुनी फाईल घेऊन आला. पान आधीच काढून ठेवलेलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. "सदर दलदलीत ही परदेशी जात सर्वत्र विपुल आढळते." मग ताईकडे बोट केलं. "खाली सही यांचीच." त्याने फाईल अधिकारीबाईंपुढे धरली. "मॅडम, जागा तीच, रोप तेच, बाईही त्याच. तेव्हा परदेशी म्हणाल्या, आज देशी म्हणताहेत. यांच्या कुठल्या सहीवर आम्ही विश्वास ठेवायचा? की भाऊ कामावर आहे म्हणून आज मत बदललं?"

मघापासून ताई ज्याच्याकडे बघत नव्हती ते हेच होतं. आता तिला तिकडे बघावंच लागलं.

बारक्या तिच्या कानाशी आला. "ताई, तेव्हाची वेगळी होती म्हण. एका दलदलीत दोन्ही असू शकतात ना?"

"असू शकतात."

"मग तसंच म्हण. कोण बघायला जातंय? डेपोच्या डांबराखाली आहे सगळं."

तो खोटं बोलायला सांगत होता ते तिच्या भल्यासाठीच, आणि वाक्य अगदी तयार होतं. तेव्हाची परदेशी, आजची देशी. तिची जुनी सही खरी राहणार, नवीही खरी राहणार. चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. समारंभ होईल, मुलं भाषणं करतील, भिंगबाईंची नजर कशी कधी चुकली नाही ते सांगतील.

"तेव्हाची वेगळी असेल," इंजिनियर म्हणाला, त्याने ते ऐकलं असावं, "तर आम्हाला चालेल. म्हणजे ही देशी रोपं फक्त या कोपऱ्यात आहेत. खोदून कुंड्यांत लावू, तुमच्या कॉलेजला देऊ. बाकीच्या दलदलीशी त्यांचा काय संबंध?"

अधिकारीबाईंनी ताईकडे बघितलं. "बाई, हे महत्त्वाचं आहे. ही जात पूर्वीपासून सगळ्या दलदलीत होती असं असेल, तर सगळी दलदल तिची जागा धरून आदेश काढता येतो. नसेल तर मला एवढाच कोपरा लिहावा लागेल. बारा वर्षांपूर्वी तुम्ही पाहिलीत ती कोणती होती?"

अकराला दहा मिनिटं कमी होती. ताईच्या हातातलं रोप मान टाकायला लागलं होतं.

"हीच होती," ती म्हणाली.

"ताई," बारक्या म्हणाला.

"हीच होती, ही त्यांतलीच उरलेली. मी चुकले. मी मूळ बघितलं नव्हतं, कारण मूळ उपटायचं नाही हा माझाच नियम. पण तेवढंच नाही. मी नीट बघितलंच नव्हतं. वाटीचे दोन-तीन दात बघितले आणि ठरवून टाकलं. चाळीस वर्षांत न दिसलेलं रोप असं पायाखाली पसरलेलं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. दुर्मिळ म्हणजे थोडंच असणार असं मी धरून चालले. म्हणून ते बाहेरचं. लिहा तुम्ही, अहवाल चुकीचा होता म्हणून लिहा. मी त्याखालीही सही करते."

"याची चौकशी होईल," अधिकारीबाई सावकाश म्हणाल्या. "कॉलेजला पत्र जाईल. तुमच्या बाकीच्या ओळखीही तपासल्या जातील."

"जातील. तपासायलाच हव्यात."

इंजिनियरने फाईल मिटली आणि तो फोन लावत गाडीकडे निघून गेला. बारक्या पोकलेनवर चढला, बकेट उचलून त्याने यंत्र मागे घेतलं, पार रस्त्यापर्यंत, आणि बंद केलं. किल्ली घेऊन तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने बहिणीला हात दिला आणि चिखलातून उभं केलं.

अधिकारीबाई रस्त्याशी जाऊन पोकलेनच्या पट्ट्यावर फळी टेकवून भराभर लिहीत होत्या. आदेश झाला, खाली सही झाली. मग जातीची माहिती भरायचा कागद आला.

"आज किती रोपं आहेत?"

ताई आणि बारक्या लव्हाळ्यातून पाय जपून टाकत एकदा गेले, एकदा आले. "दहा," ताई म्हणाली.

"हातातलं धरून?"

"नाही. हे गेलं."

अधिकारीबाईंनी दहा लिहिलं. खालच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. "पूर्वीची संख्या विचारली आहे. बारा वर्षांपूर्वी किती होती? अंदाजे सांगितलीत तरी चालेल."

ताईने डेपोच्या दिशेने बघितलं. अकराची बस बाहेर पडत होती.

"मोजली नव्हती," ती म्हणाली. "मोजून संपली नसती."

अधिकारीबाईंनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे केला.